ताडपत्री घ्यायची की कापड?

मंडपवाल्याला किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. गोडाऊनमधल्या बांबूंसारखं आहे ते. एक ओढायला गेलं की चार अंगावर येतात! आता तुम्ही विषय काढलाच आहे उन्हाळ्याचा, तर ऐका.

शहापुरात माझं मंडप डेकोरेशनचं दुकान. शेजारच्या मुरबाड तालुक्यातली कामं बघायला भागीदार गोविंदा, जेवणाला आचारी बाळूमामा आणि टेम्पोवर वामन. एवढीच आमची टोळी. नव्वदच्या आसपास धंद्यात उतरलो तेव्हा नियम सोपा होता. एप्रिल-मेच्या लग्नाला रंगीत कापड, जून लागला की ताडपत्री. पोरगंसुद्धा सांगेल. पण नंतर उन्हाळ्याचं डोकं फिरलं की आमचं, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

*

पहिला झटका मुरबाडकडे बसला. भर एप्रिल. शहापुरात झाडाचं पान हलत नव्हतं. मी दुकानात बनियनवर बसलेलो. गोविंदाचा एसटीडी बूथवरून फोन.

"शेठ, मंडप गेला!"

"कुठं गेला?"

"पलीकडच्या गावाला!"

मला वाटलं, दुपारीच घेऊन बसलाय. शिव्या दिल्या आणि वामनला घेऊन निघालो. जाऊन बघतो तर खरंच! वावटळ आली, पावसाचा एक सपकारा आला आणि कापड उडून ओढ्यापलीकडच्या गावात जांभळीवर अडकलं. खाली त्या गावातली माणसं खाटा टाकून आरामात पडलेली.

"अहो, आमचा मंडप आहे हा!" मी म्हटलं.

एक म्हातारा उठलासुद्धा नाही. म्हणाला, "असंल. पण संध्याकाळी न्या. आता कुठं सावली मिळलीय!"

*

पुढच्या वर्षी शहाणपणा केला. शहापूरजवळच्या लग्नाला सरळ ताडपत्री बांधली. पाऊस सोडा, ढगसुद्धा फिरकला नाही. खाली माणसं भाजीसारखी उकडायला लागली. भटजींचा आवाज बसला, नवरीच्या कपाळावरची टिकली घसरून हनुवटीवर आली.

शेवटी मुलीचा काका माझ्यासमोर येऊन उभा. घामानं निथळत होता.

"मंडपवाले, एक तर ताडपत्री काढा, नायतर पाऊस आणा!"

*

मग आम्ही रेडिओ ऐकायला लागलो. रोज एकच वाक्य. 'कोकणात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.'

वामन म्हणाला, "शेठ, आपण कोकणात का?"

"हो की."

"मग समुद्र कुठाय?"

मी रेडिओचा आवाज वाढवला. गोविंदानं वेगळाच प्रश्न काढला. "ते जाऊ दे. तुरळक ठिकाण म्हंजी नक्की कुठलं?"

बाळूमामा कांदा चिरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आपला मंडप असतो ना, ते!"

*

उंबरमाळीच्या वर डोंगरात एका पाड्यावर लग्न होतं. त्या दिवशी शहापुरात डांबर वितळत होतं. म्हणून बाळूमामांनी सरबतासाठी बर्फाच्या लाद्या घेतल्या. भुसा, गोणपाट, वर चादर, अशी तान्ह्या बाळासारखी गुंडाळून नेली. शेवटची चढण टेम्पो चढेना, तेव्हा आम्ही लाद्या डोक्यावर घेतल्या. मानेवरून थंड पाणी ओघळत होतं.

वर पोचलो आणि आभाळ काळं झालं. टपाटप गारा! अंगण पांढरं झालं. लोक गोधड्या पांघरून चुलीभोवती बसले. बाळूमामा डोक्यावर लादी घेऊन तसेच मधोमध उभे.

नवऱ्याच्या आजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. खूप कीव आली तिला.

"एवढ्या लांबनं बरफ कशाला आणलास रं? हितं वरनं पडतंय!"

*

मुरबाडच्या एका हळदीचा प्रकार तर असा की अजून गोंधळायला होतं. हळद लागली, बायका गाणी म्हणत होत्या, आणि नवरदेव गायब! घाबरलो सगळे. पोरीकडची माणसं उष्टी हळद न्यायला आलेली. त्यांना काय सांगणार?

गोविंदा शोधायला गेला. नवरदेव शेतात. आभाळ भरून आलेलं बघून राब भाजायला पळाला होता. भाताचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा रचून जाळतात ना, तो राब. रचलेला राब भिजला तर पेटत नाही. धरून आणला तेव्हा हळदीवर राख बसून पोरगा ओळखू येत नव्हता.

पोरीकडचा एक जण म्हणाला, "नवरा गोरा सांगितला होता!"

मी नवरदेवाच्या आईला म्हटलं, "मावशी, आज लगीनघाई आणि हा शेतात?"

ती म्हणाली, "लगीन काय, उद्या पण लावता येईल. राब भिजला तर वरीसभर नव्या सुनेला खायला काय घालू?"

आणि त्या दिवशी पाऊस? एक थेंब नाही!

*

तोवर मोबाइल आले होते. एक लग्न होतं, मुलगी मुरबाडकडची, मुलगा शहापूरचा, मंडप मुलीकडं. दुपारी मुरबाडला तुफान आलं. गोविंदानं वऱ्हाडाला फोन केला, "जरा दमानं या, पाऊस लागलाय." मुलाचा बाप तिकडे कडक उन्हात उभा. तो भडकला. "मे महिन्यात पाऊस सांगता? तयारी झाली नसंल तर तसं बोला!" सोयरीक मोडायची भाषा सुरू झाली. मुलीचा बाप फोनलाच हात जोडायला लागला.

तरी वऱ्हाड आलं. कोरडं ठणठणीत, धुळीनं माखलेलं. मंडपात पाय ठेवला आणि वाऱ्यानं ताडपत्री फुगली, बांबू उखडायला लागले. गोविंदा ओरडला, "धरा!" पाव्हणे, गाववाले, बँडवाले, ज्याला जो दिसला त्यानं तो बांबू धरला. मंगलाष्टका तशाच झाल्या. अक्षता टाकायला कुणाचा हात मोकळा नव्हता. भटजी 'सावधान' म्हणाले की सगळे आणखी घट्ट धरायचे!

मग कन्यादान आलं. मुलीचा बाप मधला मोठा खांब कवटाळून उभा. सोडला तर छप्पर पोरीच्या डोक्यावर. भटजी हाका मारताहेत, मुलगी रडतेय, आणि ह्याला हलता येईना. मी पलीकडच्या कोपऱ्यात बांबूला लटकलेलो.

तेवढ्यात मुलाचा बाप पुढं आला. फेटा काढून वामनच्या डोक्यावर ठेवला, खांबाला मिठी मारली.

"सोडा व्याही. तुमी पोरगी द्या, खांब मी धरतो."

घटकाभरात पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं. पंगत बसली. सगळ्यांनी बांबू सोडले, हा माणूस काही खांब सोडेना.

गोविंदा म्हणाला, "काका, ऊन पडलं. सोडा आता, जेवायला चला."

त्यांनी एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा नव्या सुनेकडं.

"तुमच्या मुरबाडचं काय सांगता येतंय? माझं ताट इकडं आणा!"