मातीतून परतणारी वीज

बोर्ड उघडण्याआधी ते मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवत. टेस्टर आधी चालू सॉकेटात घालून बघत, मग बंद सॉकेटात, मग पुन्हा चालू सॉकेटात. टेस्टरवरही त्यांचा भरवसा नसे. तारेजवळ हात न्यायचाच झाला तर पंजाची पाठ पुढे करत. विजेला नावानं हाक मारत नसत. "ती आत हाय," म्हणत. पाण्याजवळ गेले की त्यांचा आवाज आपोआप खाली येई.

वाजिद मुलाणी, वायरमन, मुक्काम सणसर. वय अठ्ठावन्न. गेल्या शुक्रवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. वल्लरी त्यांच्या घरी पोचली तेव्हा येणारा प्रत्येक जण दारातच विचारत होता, "शॉक बसला का?" आणि त्यांची बायको सलिमा प्रत्येकाला तेच सांगत होती, "न्हाय. झोपेत गेले." वल्लरीला रडू आलं नाही. अंगणात चपलांचा ढीग पडला होता, त्याच्याकडे ती बघत राहिली.

वल्लरी बारामतीची. मराठीत एम.ए. झाली आणि भवानीनगरजवळ दादासोंच्या कृषी पर्यटन केंद्रात बुकिंग घेऊ लागली. चहूकडे ऊस आणि मधे निळा पोहण्याचा तलाव. वाजिदचाचा मार्चमध्ये त्याचं कंट्रोल पॅनेल बसवायला आले. पंप, पाण्यातले दिवे, गरम पाण्याचा टब, सगळं एका पेटीतून चालणार होतं. शिडी, कठडा आणि पंपाचा सांगाडा त्यांनी एका तांब्याच्या तारेत ओवला आणि ती तार जमिनीत अर्थिंगला नेली. पेटीत एक बटण लावलं. वीज कुठं गळाली तर ते पडायचं आणि सगळं बंद व्हायचं.

ते बटण रोज दिवेलागणीला पडू लागलं.

ती वेळ वल्लरीला आवडायची. उसावरून परतणारे बगळे पाण्यात दिसत, जणू तलावाच्या तळाशी दुसरं आभाळ असावं. मग पाण्यातले दिवे लागत आणि बगळे हिरवे होत. तेवढ्यात खट्. पाणी विझून जाई.

चौथ्या दिवशी दादासो वैतागले. "वाजिदभाई, काढून टाका ते बटण. उद्या लोणी भापकरची चाळीस पोरं यायची हायत पोहायला."

"मालक, कुत्रं भुंकतंय म्हणून कुत्र्याला मारत न्हाईत. चोर बघायचा."

"आन् चोर न्हाय घावला तर?"

"मग पोरं काठावर बसून भेळ खातील."

ते वल्लरीकडं वळले. "तलाव बंद, अशी पाटी लिहून ठेव. तू कविता शिकलीस ना? अशी लिही की वाचणारा थांबला पायजे."

तिनं तीन पाट्या लिहिल्या. त्यांनी सगळ्यात छोटी उचलली.

मग त्यांनी पेटीतली एकेक तार सुटी केली. दुपार कलली. पंपघराच्या मागं, जास्वंदीच्या बुडाशी, त्यांना एक पिवळी वायर दिसली. ती माळी सावळाराम यांच्या खोलीत जात होती. आत एक बल्ब. त्याचं एक टोक पॅनेलच्या लायनीला, दुसरं तलावाच्या अर्थिंगला.

"तात्या, हे काय?"

"दिवा हाय की." सावळाराम बिडी विझवत म्हणाले. "पर माझं नशीबच असलं. चार दिवस झालं, मी दिवा लावायला आन् लाइट जायला एकच गाठ."

"न्यूट्रल कुठाय? परतीची तार?"

"ती कशाला लांबनं आणायची? मातीत सोडली. तुमीच शिकवलं की ओ! भारनियमन होतं तवा, सणसरला, माझ्या मेव्हण्याच्या वस्तीवर."

वाजिदचाचा खाली बसले. दादासो हसायला लागले आणि त्यांचा चेहरा बघून थांबले.

ते बटण काढलं असतं तर तात्यांचा दिवा लागला असता. त्याची वीज तांब्याच्या तारेत उतरली असती. उन्हानं कोरड्या पडलेल्या जमिनीत जिरायला जागा नाही म्हणून शिडीपाशी, कठड्यापाशी उभी राहिली असती. तिथंच पोरांनी ओले हात ठेवले असते.

दुसऱ्या दिवशी पोरं काठावर भेळ खात बसली. तलाव त्यापुढच्या सोमवारी उघडला, पिवळी वायर काढून सलग पाच संध्याकाळी बटण न पडल्यावर.

पण वाजिदचाचांचं चित्त उडालं होतं. भारनियमनाच्या त्या काळी घरात लाइन यायची, न्यूट्रल तुटलेली असायची. त्यांनी जमिनीत सळई ठोकायची, तिला तार बांधायची आणि बुडाशी बादलीभर पाणी ओतायचं. माती पाणी पिई तसतसा बल्ब उजळे. "बायका हात जोडायच्या गं," ते वल्लरीला म्हणाले. "मला वाटायचं, मी मातीतनं उजेड काढतोय."

आता त्या घरांत गिझर आले होते, कूलर आले होते. आणि तेवढी वीज मातीत उतरवायला सळया तशाच होत्या.

त्यांनी आठवून आठवून घरं सांगितली, वल्लरीनं लिहून घेतली. एकतीस. रोज काम उरकून ते एकेका घरी जात, सळई उपटत, नवी तार ओढत. सुट्टीच्या दिवशी ती बरोबर असे. लोक हसत. "वाजिदभाई, लावायला तुमीच, काढायला बी तुमीच! बरा धंदा काढलाय."

"व्हय, पैलं फुकट, दुसरंबी फुकट," ते म्हणत.

बावीस घरं झाली.

काल वल्लरी तेविसाव्या घरी गेली, सणसरच्या ओढ्यापलीकडं, जयवंताबाईंकडं. घरात कूलर घुमत होता. जयवंताबाईंनी तिला मागच्या भिंतीशी नेलं. "गुरुवारी आलं हुतं. म्हणले, बाकीचं उद्या."

सळई अजून जमिनीत होती. खिळ्याला नव्या तारेचं वेटोळं टांगलं होतं, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावलेली. तार आत घ्यायला भिंतीत भोक पाडायला घेतलं होतं. वल्लरीनं त्यात बोट घातलं. ते निम्म्यावर अडलं.