शिंगाच्या मुठीचा चाकू

घराबाहेर पडताना दौलतराव आधी बंडीचा खिसा चाचपत. खिशात घडीचा चाकू लागला की मग चष्मा विसरला तरी चालत असे. कामरगावचा बाजार असो की कुणाची मयत, चाकू सोबत हवाच, आणि रोज वेगळा. पत्र्याच्या पेटीत जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेले तेवीस चाकू होते त्यांच्याजवळ. पितळी मुठीचा मंगरूळपीरच्या उरुसातला, लाकडी मुठीचा वाशीमच्या भंगारवाल्याशी हुज्जत घालून सोडवलेला. एक तर लग्नात सासऱ्याकडून मागून घेतलेला. लोक सासऱ्याकडे घड्याळ मागतात, आमच्या माणसाने चाकू मागितला, असं भागिरथाबाई येईल त्याला सांगत. दौलतराव त्याच चाकूने पेरू कापून पहिली फोड त्यांच्या हातावर ठेवत आणि विषय तिथेच मिटे.

गावात लग्न निघालं की या पेटीला मान येई. हळद लागली की नवरदेवाच्या हातात चाकू द्यायचा, त्याच्या टोकाला लिंबू खोचायचं आणि अक्षता पडेपर्यंत तो हातातून सोडायचा नाही, ही इकडची रीत. हल्ली बाकी गावांत फळं कापायची चकचकीत सुरी विकत आणून भागवतात. या गावात तसं नव्हतं. नवरदेवाचा बाप दौलतरावांच्या ओट्यावर येई, दौलतराव पोराच्या हाताला बसेल असा चाकू निवडत आणि भुईवर ठेवत. चाकू हातातून हातात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतात. बापाने तो भुईवरून उचलायचा.

लग्न आटोपून चाकू परत आला की त्याच्या टोकाला काळा डाग असे. जुनं लोखंड ते, दोन दिवस लिंबात राहिल्यावर काळं पडणारच. दौलतराव रोज दुपारी सगळे चाकू तेलाने पुसत, पण ते डाग कधी घासत नसत. हा फुलचंदचा, हा हेमसिंगचा, हा त्याच्या धाकट्याचा, असं बोट ठेवून सांगत. गावातली अर्धी लग्नं त्यांच्या पेटीत होती.

एकच चाकू लख्ख होता, शिंगाच्या मुठीचा. मुलगा नरेंद्र झाला त्या वर्षी गावाबाहेर उतरलेल्या गाडीलोहाराजवळ दोन दिवस बसून त्यांनी तो घडवून घेतला होता. बाळंतिणीच्या उशाखाली बारा दिवस तोच होता. याला पहिलं लिंबू नरेंद्रच्या लग्नात लागेल, असं दौलतरावांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

नरेंद्र आता सदतीस वर्षांचा झाला होता. आठ एकर वावर, त्यात संत्र्याची बाग, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मुली त्याला नावं ठेवत नव्हत्या, त्यांना वावरच नको होतं. त्यांचं तरी काय चुकलं? आपापल्या आयांना उन्हात निंदताना त्यांनी पाहिलं होतं. खुद्द भागिरथाबाईंनी लेकीसाठी, ज्योत्स्नासाठी, नोकरीवालाच पाहिला होता आणि शेतकऱ्यांची दोन चांगली स्थळं ओट्यावरूनच परत धाडली होती. ही गोष्ट घरात कुणी काढत नसे.

मागच्या उन्हाळ्यात शेजारचा फुलचंद आला. त्याच्या मुन्नाचं लग्न होतं. मुन्ना पुण्याला कंपनीत, नरेंद्रहून बारा वर्षांनी लहान. फुलचंदने नेमका शिंगाचा चाकू मागितला. दौलतरावांनी त्या चाकूच्या चिंधीची गाठही न सोडता पितळी चाकू त्याच्यापुढे ठेवला. तो गेल्यावर भागिरथाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "तुमी चाकू अडवून धरला, म्हनून पोराचं लगन अडलं." दौलतराव त्या दिवशी जेवले नाहीत.

दिवाळीनंतर ज्योत्स्नाने एक स्थळ आणलं. मुलीचं नाव निकिता, वय बत्तीस, म्हणजे तिकडेही घाई होती. तिचे वडील आणि काका घर-वावर पाहायला आले. दौलतरावांनी सकाळीच शिंगाचा चाकू पेटीतून काढून देवळीत ठेवला होता. जवळ असलेला बरा. पाहुण्यांनी बाग पाहिली, संत्री खाल्ली, गोडवा नावाजला. निघताना काकांनी विचारलं, वाशीमला एखाद्या दुकानात तरी काही जमेल का? नरेंद्रने खरं ते सांगितलं. वावर सोडून दुसरं काही येत नाही. कळवतो म्हणून पाहुणे गेले आणि आठ दिवसांनी ज्योत्स्नाच्या फोनवर त्यांनी नाही म्हणून कळवलंही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं जेवायला बसली. भाकरी होती, तुरीचं वरण होतं. नरेंद्र लिंबू घ्यायला उठला आणि येताना देवळीतला चाकू घेऊन आला. त्याने तो उघडला तेव्हा दौलतरावांचा घास हातातच राहिला.

"तो ठेव, नरू. दुसरा घे. तो तुया लग्नाचा हाय."

"मायाच हाय ना, बाबा?" नरेंद्र म्हणाला. "मंग घेऊ द्या."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दौलतराव त्याला चार शब्द बोलले असते, मन मोकळं झालं असतं. नरेंद्रने लिंबू मधोमध कापलं, आधी आईच्या वरणावर पिळलं, मग बापाच्या, मग स्वतःच्या. भागिरथाबाईंनी पदर तोंडाला लावला. जेवण झाल्यावर त्याने चाकू भुईवर ठेवला नाही. सरळ बापाच्या हातात दिला आणि बागेकडे निघून गेला.

दौलतराव कितीतरी वेळ ओला चाकू हातात धरून बसले. तेलाचा फडका बाजूलाच होता. तो त्यांनी उचलला नाही. चाकू मिटला, तसाच चिंधीत गुंडाळला आणि पेटीत इतरांसोबत ठेवून दिला.

दुसऱ्या दुपारी पुसायला काढला तेव्हा डाग पडला होता. इतरांसारखा टोकाला नाही, पात्याच्या मधोमध. दौलतरावांनी त्यावर बोट ठेवलं. हा कुणाचा म्हणून सांगायचं, ते काही केल्या त्यांना सुचेना.