टाकीवरची शेवंताबाई

"साहेब, ते नाटक होतं जी. सारं नाटक. गावात लाइन नाई, मशीन मुकी उभी हाये. आयकून राह्यले का?"

हे पाण्याच्या टाकीवरून चाललं होतं. टाकी म्हणजे आमच्या गावातली सगळ्यात उंच वस्तू, आणि त्या दिवसांत मोबाइलची रेंज फक्त तिच्या माथ्यावर, तीही तालुक्याच्या मूल गावाकडून वारा आला तर. शेवंताबाई मेश्राम लुगडं आवळून लोखंडी शिडीने वर जायची, फोन स्पीकरवर टाकायची आणि बोलायची. खरं तर तिला फोनची गरजच नव्हती. तिचा आवाज साहेबांच्या चंद्रपूरच्या ऑफिसात आधी पोचायचा, घंटी मागून वाजायची. एकदा ती वरून बोलू लागली तेव्हा नाल्यापलीकडे शिकार खात बसलेला वाघ जेवण अर्धं टाकून जंगलाच्या दुसऱ्या कंपार्टमेंटात निघून गेला. हे मी शंभर ठिकाणी सांगितलं आहे आणि अजून कोणी खोटं पाडलेलं नाही. वाघानेसुद्धा.

"आवाज पोचला पाह्यजे, माणूस नाई पोचला तरी चालते," असं ती म्हणायची. आता बाई नाही. रेंज मात्र खाली अंगणात आली आहे.

शेवंताबाई आमच्या गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. गटातल्या बायकांचं दुखणं एकच: पिकवलेलं धान ट्रॅक्टरवर घालून मूलच्या राइस मिलला न्यायचं आणि तांदूळ घेऊन यायचं. कोंडा आणि कणी तिकडेच राहायची. "आमच्या कोंड्यावर मूलच्या गाई गाभण होऊन राह्यल्या, आन् आमच्या गाई तणसाकडे पाहून हंबरून राह्यल्या," हे बाईचं म्हणणं. मग एक विकास प्रकल्प आला. लहान उद्योगांना आधार, शेतकऱ्याच्या मालाला गावातच किंमत, असं त्याच्या बॅनरवर होतं. प्रकल्पाने धान भरडायची छोटी गिरणी दिली. शेड बायकांनी स्वतः बांधलं. माती कालवली, बांबू आणले, आणि दारावर बाबासाहेबांचा फोटो लावला.

गिरणीला थ्री फेज लाइन लागते. गावात सिंगल फेज, आणि तीसुद्धा लाजत लाजत येते. लाइन ओढून द्यायचं प्रकल्पाच्या कागदात होतं. पण मशीन आधी आली आणि लाइन मागून येणार होती. डिझेलवर चालवावी तर तांदळापेक्षा धूर महाग. मशीन शेडात उभी राहिली. कोंबड्यांनी तिच्या तोंडात अंडी घातली. शेवंताबाई रोज टाकीवर चढून लाइन मागू लागली, आणि उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तिच्या ओरडण्यानेच आटलं असं मी म्हणायचो.

"तू नको बोलू रे व्हिलन," ती मला म्हणायची. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत खलनायकाचं काम करायचो, म्हणून ती मला दुसऱ्या नावाने कधी हाक मारायचीच नाही. "तुह्या पापानं लाइन अडून राह्यली."

दिवाळीनंतर प्रकल्पाचे साहेब तोंड पाडून आले. साहेब तरुण, भला माणूस, घाबरट. म्हणाले, "बाई, दिल्लीहून पाहुणे येताहेत. मशीन बंद दिसली तर उचलून दुसऱ्या गावाला देतील. चालू दिसली तर राहील. मग लाइनचं मी पाहतो."

 बाईने माझ्याकडे पाहिलं. पाहुणे यायचे होते तोच आमच्या मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचा, दिवस, आणि मंडईला नाटक आलं नाही तर झाडीपट्टीत गावाचं नाक जातं. नाटकाबरोबर वडसाहून आमची कंपनी येणार, कंपनीबरोबर तिचा ट्रकभर मोठा जनरेटर. रात्री तो स्टेजला लागणार होता. दिवसा मोकळाच.

"व्हिलन," बाई म्हणाली, "तुह्या कंपनीचा जनरेटर दे, आन् गाव मी देतो."

आता आमच्या लोकांना तुम्ही काहीही करायला सांगा, पण नाटक करायला सांगू नका. ते थांबत नाहीत. जनरेटर तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या, ढिगामागे लपवला, त्याचा आवाज झाकायला डीजे लावला. म्हातारा तुकाराम एकच पोतं घेऊन कधी टोपी घालून, कधी फेटा बांधून, कधी उघड्या डोक्याने गिऱ्हाईक म्हणून येत राहिला. दोन जावा नंबरावरून अशा भांडल्या की त्यांचं भांडण पुढे खरंच चालू राहिलं. गिरणी घरघरली, पांढराशुभ्र तांदूळ पडू लागला, आणि गटातली सखूबाई ढसाढसा रडली. ते मात्र नाटक नव्हतं. आपल्या गावात आपला तांदूळ पडताना तिने पहिल्यांदा पाहिला होता.

दिल्लीच्या मॅडमनी सगळं मोबाइलमध्ये घेतलं. शेवटी विचारलं, "काही अडचण?"

शेवंताबाईने मॅडमच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे साहेब हात जोडून उभे होते. त्यांच्यामागे शेड, शेडात गिरणी. टाकीवरून वाघाला हाकलणारी बाई खाली पाहत म्हणाली, "नाई जी. काई अडचण नाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या, इतकं चांगलं काम आमच्या कंपनीतल्या नायिकेलाही जमलं नसतं.

त्या टाळ्यांनीच घात केला. महिन्याभरात वरून कळलं की आमचं गाव यशस्वी ठरलं. मशीन चालतेच आहे, तर लाइन कशाला? लाइन कागदातून गळली. शेडावर निळी पाटी लागली, "यशस्वी महिला उद्योग". तेव्हा बाई टाकीवर चढली आणि सगळं गाव ऐकेल असं ओरडली, ते नाटक होतं म्हणून. स्पीकरवरून साहेबांचा बारीक आवाज आला: "बाई, तुमचा व्हिडिओ पाहून आणखी गावांना मशिनी द्यायचं ठरलंय. आता हे खोटं म्हणालात तर त्यांच्याही थांबतील."

 बाई शिडीने उतरली, फोन पदराला बांधला आणि घरी गेली. टाकीवर परत कधी चढली नाही. विहिरीवरसुद्धा हळू बोलू लागली. धानाचा ट्रॅक्टर पुन्हा मूलला जाऊ लागला. मी वाघाची गोष्ट तिच्यासमोर सांगायचो, तर ती नुसती ऐकायची. मला व्हिलनही म्हणेना.

पावसाळ्यात साहेब एक गाडी भरून बायका घेऊन आले. एटापल्लीकडच्या गोंड बायका, अभ्यास दौऱ्यावर. त्यांच्या गावाला तशीच गिरणी मिळणार होती, आणि शेडासाठी त्यांनी बांबू तोडून ठेवले होते. नाटकांचा हंगाम होळीलाच संपला होता, कंपनी जनरेटरसकट वडसाला परतली होती. साहेब घाईघाईने म्हणाले, "आज नेमकी लाइट गेलीये." बायकांनी मशीनला हात लावून पाहिला. एकीने मशीनच्या तोंडातलं भुसकट काढलं. मग त्यांच्यातली एक वयस्क बाई शेवंताबाईजवळ आली.

"बाई, तुमची मशीन कशी चालते?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी तणसाच्या ढिगाकडे. शेवंताबाईने पदराने मशीनवरची धूळ पुसली.

"एकदा चालली," ती म्हणाली. "चांगली चालली."