मावशींचं ‘येस’

सातपूरच्या त्या घरात मी वरच्या खोलीत पावणेतीन वर्षं भाड्याने राहिले. तेवढ्या काळात, एकदा सोडलं तर, घरमालकीणबाईंना, म्हणजे मावशींना, पाठ टेकून बसलेलं मी पाहिलं नाही. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, मेथीची जुडी निवडायची तीही ओट्याशी उभं राहून. “बसा ना जरा” म्हटलं की उत्तर ठरलेलं, “बठीसन काय करू?” माहेर नामपूरचं. तीस वर्षं इथे काढल्यावर त्यांचं मराठी माझ्यापेक्षा नीटनेटकं झालं होतं, पण घाई झाली की आतली अहिराणी बाहेर यायची. आणि घाई त्यांना सदाचीच.

घाईचं कारण आतल्या खोलीत पलंगावर होतं. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, कंपनीतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूने आडवे झाले. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डाव्या हाताशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला असे. पेल्यावर दोन टोले म्हणजे पाणी, तीन म्हणजे कूस बदला. टोले ऐकू आले की मावशी असतील तिथून “येस” म्हणायच्या आणि निघायच्या. पहिले आठ दिवस मला वाटलं, बाई नवऱ्याला इंग्रजीत ओ देतात, आणि मला त्याची मोठी गंमत वाटली. मग कळलं की अहिराणीत ‘मी येस’ म्हणजे ‘मी येते’. भाजीला निघतानाही तेच, कारण घरातून निघताना ‘जाते’ कसं म्हणायचं? येण्याला आणि जाण्याला त्यांच्याकडे एकच शब्द होता.

मी कंपनीत पहिल्या पाळीला जायची. साडेतीनला सुटले की घरी येऊन त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा घ्यायचा आणि फोनवर गेम लावायचा. राक्षस, किल्ले, तलवारी, जादू असला सगळा मामला. नांदगावचा माझा मामेभाऊ दिनेश आमच्या चार जणांच्या टोळीचा म्होरक्या. आपापल्या गावी बसून आम्ही कानात इअरफोन घालून एकमेकांवर ओरडायचो. एकदा मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. “काय मारी ऱ्हायनी?” मी म्हटलं, राक्षस. त्या दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आण इकडं.”

मी चेष्टेने फोन दिला. शिकवायला पाच मिनिटं लागली, कारण शिकवण्यासारखं फार नव्हतंच. एक बटण वार करायचं, एक बाजूला निसटायचं, आणि एक मोठा घाव, जो हळूहळू भरत जातो. पण वेग असा की पापणी लवली तर मेलात. मावशी पहिल्या राक्षसाकडून मेल्या नाहीत. दुसऱ्याकडूनही नाही. तिसऱ्याने हात उगारायच्या आधीच त्या निसटल्या होत्या. मी विचारलं, कसं काय? तर म्हणाल्या, लग्नाआधी मार्केटात कांदा निवडायला बसायचे, ढीग पुढे सरकत असतो, सडका कांदा हात लावायच्या आधी दिसावा लागतो. “तसा त्याचा हात दिसस.”

त्यांच्या फोनवर मग मीच तो गेम टाकून दिला. नाव काय ठेवू विचारलं तर “नामपूर” म्हणाल्या. टोळीत पाचवी जागा रिकामीच होती आणि जखमा भरणारं कोणी नव्हतं, म्हणून दिनेशने त्यांना ते काम सुचवलं: मागे उभं राहायचं आणि ज्याची ताकद कमी होईल त्याला औषध द्यायचं. मावशींनी शांतपणे सांगितलं, “औषधं मी घरात देते, भाऊ. इथे मी मारणार.” दोन कोयते घेतलेली एक बाई निवडली आणि मारत सुटल्या. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, एक डोळा कुकरवर. तीन शिट्ट्यांत एक राक्षस असा त्यांचा हिशेब होता. कधी नानांच्या पलंगाशी उभ्या राहून खेळायच्या, म्हणजे त्यांनाही दिसेल. नाना अर्ध्या तोंडाने हसायचे. तसं हसताना मी त्यांना एरवी पाहिलं नाही.

घोटाळा त्या शब्दाने केला. मोठ्या लढाईआधी दिनेश विचारायचा, “सगळे तयार?” आम्ही हो, हो म्हणायचो. त्याच वेळी आत चमचा वाजायचा आणि मावशी म्हणायच्या, “येस.” दिनेशला वाटायचं बाई तयार आहेत. आम्ही घुसायचो, मावशी आत नानांना पाणी पाजत असायच्या आणि ती कोयतेवाली एकाच जागी उभी राहून मार खायची. पाठोपाठ आम्हीही मरायचो. असं चार-पाचदा झालं तेव्हा मी दिनेशला अर्थ समजावून सांगितला. “मग हो म्हणायला काय होतं त्यांना?” तो वैतागून म्हणाला. त्यांच्या तोंडात बसलं होतं, त्याला त्या तरी काय करणार?

छोट्या लढायांत हे निभायचं. खरी अडचण किल्ल्याची होती. वर जायचा दरवाजा अडवून बसलेल्या तिथल्या राजाला पाडायला वीस मिनिटं सलग लढावं लागे, आणि पाचातला एक जरी थांबला तरी उरलेले टिकत नसत. मावशींना वीस मिनिटं सलग कधी मिळालीच नाहीत. पण किल्ल्यावर जायचंय हे त्यांनी मनात घेतलं होतं. “वर काय शे, ते माले एकदा पाहानं शे,” म्हणायच्या. चार वर्षांत भाजीबाजार आणि औषधाचं दुकान यापलीकडे त्या गेल्या नव्हत्या. भावाकडे नामपूरलासुद्धा नाही.

आम्ही अकरा वेळा गेलो आणि अकरा वेळा हरलो. बहुतेक वेळा चमच्यामुळे. अकराव्यांदा राजा मरायला टेकला होता. त्या दिवशी कंपनीत माझं वाजलं होतं, डोकं तापलेलं होतं, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेले, “मावशी, उद्या तुम्ही बसा. आम्ही दुसरं कोणी घेतो.” त्या हातात ओला पंचा घेऊन आतून आल्या होत्या. यावेळी त्या ‘बठीसन काय करू’ म्हणाल्या नाहीत. फोन उचलून बंद केला आणि पंचा वाळत घातला.

दुसरं कोणी आम्ही घेतलं नाही. मी चार दिवसांनी ओशाळून चहाला गेले आणि त्याही काही झालं नसल्यासारख्या खेळायला लागल्या. पण किल्ल्याचं नाव कोणी काढेना. आणि मग पुढच्या महिन्यात एका सकाळी नाना झोपेतच गेले.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. मावशी दिवसभर घरात फिरत राहायच्या, ओटा पुसून झाला की पुन्हा पुसायच्या. एका दुपारी स्वतः जिना चढून माझ्या खोलीत आल्या. “चाल, आज किल्ल्यावर जाऊ. आते वेळच वेळ शे.” मी दिनेशला फोन केला, बाकीचे दोघेही आपापली कामं टाकून आले.

खाली स्वयंपाकघरातच खेळलो, मी बसून, त्या उभ्या. त्यांना इतकं चांगलं खेळताना मी पाहिलं नव्हतं. राजा गदा फिरवायचा आणि कोयतेवाली तिथे नसायचीच. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. शेवटी राजाची ताकद नखाएवढी उरली. सगळ्यांनी मोठा घाव भरून ठेवला होता, इशारा तेवढा बाकी होता. तेवढ्यात नांदगावला दिनेशच्या बायकोने त्याच्या शेजारी चहा ठेवला आणि साखर ढवळली. चमचा पेल्यावर दोनदा वाजला. माझ्या कानात वाजला, तसा मावशींच्याही.

“येस,” मावशी म्हणाल्या.

दिनेश अर्थ विसरला. चौघांनी एकदम घाव घातला आणि राजा कोसळला. इअरफोनमध्ये आरडाओरडा सुरू झाला, किल्ल्याचा दरवाजा उघडला. मी मान वर केली. मावशींचा फोन डब्याला टेकलेला होता. त्या आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, हातात पाण्याचा पेला. आत पलंगही नव्हता, तो कालच कोणाला तरी दिला होता.

मी इअरफोन काढले. त्यांनीच ते पाणी पिऊन टाकलं, पेला विसळून पालथा घातला आणि विचारलं, “वर काय शे?”

मी फोन त्यांच्यापुढे धरला. वर नुसतं मोकळं पठार होतं, गवत आणि वारा. त्यांनी बराच वेळ पाहिलं. “एवढंच व्हय,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “नानांना आवडलं असतं.” आणि त्या खाली बसल्या. फरशीवर, भिंतीला पाठ टेकून. मला तेव्हा रडू आवरलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे वं माय.”

महिन्याभरात घर भाड्याने देऊन त्या नामपूरला भावाकडे गेल्या. बसमध्ये पिशव्या मीच चढवून दिल्या. खिडकीतून त्यांनी एवढंच म्हटलं, “येस.” अजून काही आल्या नाहीत. फोनवर बोलतात, पण गेम काढून टाकलाय. भावाच्या खळ्यावर कांदा निवडायला उभं राहायचं असतं, वेळ नाही म्हणतात.

त्यांच्या जागी आम्ही पुण्याचा एकजण घेतला. चांगला खेळतो. पहिल्याच दिवशी दिनेशने विचारलं, “सगळे तयार?” आणि तो पटकन म्हणाला, “येस.” आम्ही चौघं हात आवरून उभे राहिलो. समोरून राक्षस धावत आला तरी कोणी हललं नाही. तो बिचारा ओरडत होता, मारा ना, मारत का नाही. दिनेश म्हणाला, “थांब रे जरा. आत गेल्यात त्या, येतील.”