रंभाजी मास्तरांची दुरुस्ती

रंभाजी मास्तर बायकांना भीमगीतं शिकवत, पण शिकवताना कुणाला हिडीसफिडीस करत नसत. जामखेडच्या समाजमंदिरात खुरपणीवरून आलेल्या सात-आठ जणी रोज संध्याकाळी त्यांच्या पेटीभोवती बसत. चाळिशी ओलांडलेल्या बायका, उन्हातान्हात राठ झालेले आवाज. मास्तर आधी काय चांगलं झालं ते सांगत, मग एकच चूक दाखवत. त्यांच्या या मायेचं सगळ्या वस्तीत कौतुक होतं.

ही माया त्यांना फार उशिरा सुचली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी चांगुणाबाई भांडी घासताना गायची आणि ‘उजेड’ या शब्दावर तिचा सूर वर चढायचा. मास्तर तेव्हा बँडात क्लॅरिनेट वाजवत. शहाणपण अंगात मावत नव्हतं. चार पाहुण्यांदेखत म्हणाले, “बंद कर! पत्रा घासल्यागत वाटतंय.”

त्या दिवसापासून तिनं घरात गाणं सोडलं. कुठल्या शब्दावर आपण खेकसलो हे मास्तर विसरले, खेकसलेलं मात्र विसरता आलं नाही. तीस वर्षं त्यांनी विनवण्या केल्या. तिचं एकच उत्तर, “मला न्हाई येत.” ती जिवंत आहे तोवर एकदा तरी तिचं गाणं कानी पडावं, एवढीच आस त्यांना उरली होती.

शहाण्णवच्या पावसाळ्यात तिचं छातीचं दुखणं बळावलं आणि बायकांबरोबर खुरपणीला जाणं सुटलं. त्याच आठवड्यात वर्गात भारतीनं ‘उजेड’वर सूर चढवला, मागोमाग सगळ्यांनी.

“झ्याक म्हनता गं,” मास्तर म्हणाले. “फकस्त हितं सूर वर जातोय. तेवढा सरळ ठिवा.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि सरळ ठेवला.

पंधरवड्यात चांगुणाबाई गेली. तिच्या जलदानविधीच्या दिवशी त्याच बायका तेच गाणं म्हणायला बसल्या. ‘उजेड’पाशी भारतीचा सूर पुन्हा चढला आणि ती ओशाळून थांबली.

“चुकलं, मास्तर. मामींची सवय लागलीय. खुरपताना त्याच म्हनायच्या, आमी मागनं.”

“चांगुणा? गायची?”

“रोज. लई गोड. तुमाला सांगू नका म्हनल्या हुत्या.”

मास्तर आयुष्यभर ज्याच्यासाठी झुरले, ते समोर आलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं पुसून टाकलं होतं. ‘तिच्यासारखं म्हणा’ असं सांगायचं होतं, पण तोंडून कसंबसं एवढंच निघालं, “पुन्यांदा म्हना.”

बायकांनी पुन्हा म्हटलं. मास्तरांचा मान राखून, या खेपेला सूर अगदी सरळ ठेवला.