दुसऱ्याने भरलेलं काडतूस

हार्लन बेंड गावात माणसं एकमेकांना ट्रक देतात, वळू उसना देतात, वेळ पडली तर शेजाऱ्याची सासूही आठवडाभर सांभाळतात. पण दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये कोणी घालत नाही. सख्ख्या भावाचंही नाही. त्याने बंदुकीची दारू किती ओतली, ओतताना त्याचं लक्ष कुठे होतं, आपल्याला काय ठाऊक? म्हणूनच डेल्बर्ट रस्क हा आर्लिस टॉलेफसनने भरलेली काडतुसं उडवतो हे कळलं, तेव्हा चर्चमधल्या बायकांनी दोघांचं लग्न परस्पर ठरवूनच टाकलं. दोघंही साठी ओलांडलेले, दोघंही एकटे. पण त्यांनी स्वतः कोणाला ताकास तूर लागू दिला नव्हता.

आर्लिसने जन्मभर धान्याच्या कोठारावर ट्रकांची वजनं केली. चाकांना चिखल जास्त दिसला तर ट्रक धुऊन आणायला परत पाठवणारी बाई ती. ड्रायव्हर मागे शिव्या घालायचे आणि पुढे हॅट काढायचे. नवरा गेल्यावर त्याची काडतुसं भरायची शेड तिने ताब्यात घेतली आणि तिथेही तोच खाक्या चालू केला. टेबलावर दारूचा एका वेळी एकच डबा. गोळी दाबून बसवण्याआधी प्रत्येक पितळी पुंगळीत बॅटरीचा झोत टाकून बघायचं, दारू सगळ्यांत सारखी दिसते ना. भरायला बसताना ती लाल टोपी घालायची, आणि ती डोक्यावर असेपर्यंत शेडमध्ये कोणी अवाक्षर काढायचं नाही. कोणी बोललंच, तर भरलेल्या सगळ्या पुंगळ्या डब्यात उलट्या करायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात. एकदा पाद्रीबुवांनाही तिने बोटाच्या खुणेने दारातच थांबवलं होतं. ते थांबलेही बिचारे, कडाक्याच्या थंडीत.

डेल्बर्ट म्हणजे जिल्ह्याचं बर्फ सारायचं मशीन चालवून निवृत्त झालेला, आडव्या अंगाचा, सावकाश बोलणारा माणूस. मोतीबिंदूमुळे त्याला स्वतः भरणं जमेनासं झालं, तेव्हा आर्लिसने त्याच्यासाठी भरायला घेतलं.

मार्चमधल्या एका सकाळी तो स्वतः भाजलेले दालचिनीचे गोड रोल घेऊन तिच्या शेडमध्ये आला. टोपी तिच्या डोक्यावर होती. तरीही तो बोलला.

"आर्लिस, दोन घरांत दोन शेगड्या कशाला पेटत्या ठेवायच्या आपण? एकच पुरे की."

आर्लिसच्या कानाच्या पाळ्या टोपीइतक्या लाल झाल्या. "टोपी दिसत नाही तुला?"

"दिसते ना. पण तू ती काढेपर्यंत माझी हिंमत टिकायची नाही," असं म्हणून तो रोल ठेवून निघूनही गेला.

आता खरं म्हणजे सगळ्या पुंगळ्या उलट्या करायच्या होत्या. आर्लिसने केल्या नाहीत. हात जिथे थांबला होता असं तिला वाटलं, तिथून ती पुढे भरत गेली. बॅटरीही फिरवली, पण डोळे तेवढे पुंगळ्यांवर होते, मन डेल्बर्टच्या शेगडीपाशी. इतकी वर्षं कोरडी काढलेल्या बाईला कोणी असं विचारलं, तर तिने काय करावं?

त्या शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर डेल्बर्टने तिसरा बार उडवला आणि आवाजच निराळा आला. रिव्हॉल्व्हरची काडतुसं बसतात ती चक्री फुटली, वरची पट्टी उडाली, एक तुकडा छपराच्या पत्र्यातून आरपार गेला. डेल्बर्टचा तळवा फाटला, अंगठा मोडला, कपाळावरून रक्ताची धार लागली. चष्म्याच्या काचेवर मोठा ओरखडा होता. डोळा त्या काचेने वाचवला. मैदान सांभाळणाऱ्या मर्व्हने सगळ्यांचा गोळीबार थांबवला आणि आपला शर्ट काढून त्याच्या हाताला गुंडाळला. शुद्धीवर असलेला डेल्बर्ट पहिलं वाक्य बोलला ते असं: "आर्लिसला कोणी काही बोलायचं नाही."

ती मागेच उभी होती. तिने ते ऐकलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उरलेली काडतुसं तिने घरी नेली आणि एकेक उघडून आतली दारू तोलली. रिव्हॉल्व्हर जुनं होतं, लोखंडच दगा देऊन गेलं असेल, अशी एक वेडी आशा तिला होती. आणखी एका पुंगळीत दुप्पट दारू निघाली आणि ती आशाही संपली. तिने शेडला कुलूप घातलं. चार दिवसांनी दुकानातून कारखान्याच्या काडतुसांचा खोका आणला, डेल्बर्टच्या ओट्यावर ठेवला आणि दार न वाजवता परतली.

संध्याकाळी डेल्बर्ट तोच खोका काखेत मारून तिच्या दारात हजर. हाताला हे एवढं बँडेज.

"मी विचारलं होतं त्याचं उत्तर आहे का हे?"

"चांगली असतात दुकानातली. मशीन भरतं. मशीनला कोणी येऊन काही विचारत नाही."

"आर्लिस."

"डोळा गेला असता तुझा! तू टोपी असताना बोललास म्हणून झालं, असं म्हण ना एकदा. म्हण की!"

डेल्बर्ट पायरीवर बसला. "नाही म्हणणार. बोलायला नको होतं, ते माझं गाढवपण. पण पुंगळ्या ओतून टाकायच्या हा नियम तुझा, आणि मोडलास तूच. चूक तुझी आहे."

चार दिवस सारं गाव तिची समजूत काढत होतं, होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नकोस. तिला त्या गोडव्याचा वीट आला होता. हा एकटाच खरं बोलला, आणि आर्लिस शेजारून आलेली खाण्याची बशी हातात तशीच धरून रडली. पोटभर रडली.

"मग आता काय?" तिने नाक पुसत विचारलं.

"आता डॉक्टर मोतीबिंदू काढणार आहे. मग मला शिकव. मी भरतो, तू बघ. यापुढे एकाने भरायचं, दुसऱ्याने बॅटरी धरायची."

"तुझी ती बोटं! अस्वल बरं तुझ्यापेक्षा."

"अस्वलाला रोल करता येतात का?"

शेड उघडली. आर्लिसने दारूही बदलली. आता अशी आणली, जी फुगीर असते. चुकून दोनदा ओतलीच, तर पुंगळीत मावतच नाही, बाहेर सांडते. डेल्बर्ट भरताना इतका वेळ लावायचा की आर्लिस जीभ चावत, हात मांडीखाली दाबून बसायची. मग बॅटरी घेऊन एकेक पुंगळी बघायची, आणि तिचं झालं की पुन्हा तो बघायचा.

जूनमध्ये दोघं मैदानावर गेले. डेल्बर्टने नवं रिव्हॉल्व्हर उचललं, निशाण धरलं आणि चाप ओढण्याआधीच डोळे घट्ट मिटले. पुन्हा धरलं, पुन्हा तेच.  शेजारच्या टेबलापाशी कोणीतरी खाकरलं. मर्व्हने त्या माणसाकडे असं बघितलं की तो पुढचं खाकरणंही विसरला.

"ठेव खाली," आर्लिस म्हणाली. "दे इकडे."

"मी भरलेली आहेत ती."

"माहीत आहे मला."

तिने उभ्या आयुष्यात दुसऱ्याचं काडतूस उडवलं नव्हतं. नवऱ्याचंसुद्धा नाही. पुंगळीत डोकावून बघणं वेगळं, आणि ती आपल्या मुठीत फुटू देणं वेगळं.  तिने चष्मा नीट बसवला, डेल्बर्टला मागे सरायला लावलं, एक काडतूस घातलं आणि चाप ओढला. समोरच्या कागदाला भोक पडलं. मग दुसरं, मग तिसरं, सगळी संपेपर्यंत, डोळे सताड उघडे ठेवून.

चक्री उघडून तिने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. 

"घर माझं ठेवू," ती म्हणाली. "तुझं छप्पर गळतं."