ओढतंय कोण?

कुरुळीच्या गवराबाईचं नाक म्हणजे काय सांगावं! भाडेकरूनं अंडी केली की सुकट भाजली, हे तिला बंद दारातून कळायचं. आणि नाकाला जे कळायचं नाही, ते तिला संशयानं कळायचं. पाण्याची मोटर जळाली तर कुणीतरी मुद्दाम जाळली, दूध नासलं तर कुणाची तरी नजर लागली. वावरात कंपन्या आल्या, राहिलेल्या तुकड्यावर तिच्या मुलानं, बाळूनं, भाड्याच्या खोल्या काढल्या. तेव्हापासून बाईच्या संशयाला रोज नवी माणसं घरबसल्या मिळत होती.

अशा बाईची नात, आठ महिन्यांची दिव्या, दुसऱ्यांदा न्यूमोनियानं दवाखान्यात पडली. पोरीच्या नाकाला नळी, बरगड्या आतबाहेर होतायत, रडायलासुद्धा दम नाही. बघून गवराबाईच्या तोंडचं पाणीच पळालं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोणी ओढतं का?"

"ह्या! आमच्यात कुनी ओढत न्हाई," गवराबाई फणकारली.

"मीही नाही, मॅडम," बाळू म्हणाला. सून तनुजा खाली बघत राहिली.

"सगळे असंच सांगतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपल्या श्वासनळीत आतून बारीक केसांसारखी लव असते. ती जंतू झाडून बाहेर काढते. धुरानं ती झाडलोट मंदावते. मग मोठ्या माणसाला नुसती सर्दी करणारा जंतू तान्ह्या बाळाच्या छातीत जाऊन बसतो. या पट्ट्यातली कितीतरी पोरं माझ्याकडे अशी येतात. धूर कुठून येतोय ते शोधा आजी. ही तिसऱ्यांदा आली तर मला भीती वाटते."

शोधा! ज्या कामात बाईचा जन्म गेला, तेच काम डॉक्टरनं लिहून दिलं. दिव्या घरी आली त्याच दिवशी गवराबाईनं पदर खोचला. दोरीवरचे भाडेकरूंचे शर्ट हुंगले, गटारात काडी घालून थोटकं शोधली, कोण शिफ्टवरून येऊन कुठं थांबतो यावर डोळ्यात तेल घालून पहारा केला. आणि सारा संशय जाऊन बसला ज्योतीरामवर. हा लातूरकडचा, कोपऱ्यातल्या खोलीत एकटा राहणारा. का, तर तो खोकायचा.

"मावशी, मी ओढत नाही ओ," तो बिचारा हात जोडून म्हणाला. "पेंट शॉपला हाय मी. रंगानं घसा धरतोय. कामून असं करायलाव?"

"चोर कदी मी चोर हाय म्हनतो व्हय? माझी पोर मरायला टेकलीय. खोली रिकामी कर!"

बाळूनं मध्ये पडून पाहिलं. "अगं आई, तो नाही ओढत राव. आम्ही एकाच बसनं कंपनीत जातो."

"तू गप. तुला जगाची पारख न्हाई."

आता गंमत बघा. जगातल्या प्रत्येकावर संशय घेणारी ही बाई दोन माणसांवर कधीच घ्यायची नाही. एक बाळू, दुसरी ती स्वतः. बाळूवर तर तिचा इतका भरवसा, की त्यानं सांगितलेलं ती देवाचं म्हणून धरायची. पाळण्यावरच्या विजेच्या बोर्डाला तो एक चपटं, निळा दिवा लागणारं यंत्र लावून ठेवायचा. ते काय म्हणून तिनं एकदा विचारलं, तर म्हणाला, मच्छर पळवायचं मशीन. झालं! खोलीत पिकल्या आंब्याचा वास येई आणि ही शेजारणीला कौतुकानं सांगे, "आमच्या बाळूनं आनलंय. एक डास टिकत न्हाई."

ज्योतीराम गादी गुंडाळून गेला. पोरीचा खोकला मात्र गेला नाही. पंधरवडा झाला नसेल, दिव्या पुन्हा कण्हायला लागली, दूध ओढताना धापा टाकू लागली. गवराबाई हादरली. चोर तर हाकलला, मग आता कोण?

त्याच दुपारी ती मोरीकडे निघाली आणि दारातच थबकली. आतून आंब्याचा वास येत होता. हिनं मागं वळून बोर्डाकडे पाहिलं. मशीन जागेवर नव्हतं. मोरीत मच्छर मारायला कोण गेलंय? तिनं दार ढकललं. आत बाळू, तोंडात ते मशीन, आणि नाकातून पांढरा लोट.

"मुडद्या! तू ओढतोस?"

"ओढत नाही गं! वेप आहे. तंबाखू नसतो त्यात. नुसती वाफ. सर्दीला आपण घेतो ना, तशी."

"सर्दीची वाफ मोरीत लपून घेत्यात व्हय रं? मला मच्छरांचं मशीन म्हनून सांगितलंस! आन् त्या लेकराच्या पाळन्यावर टांगलंस!"

तिनं ते हिसकावून कनवटीला खोचलं. तिला पोराचा राग आला होता आणि रडूही येत होतं. पण खोटं कशाला सांगा, मनात कुठंतरी मोकळंही वाटलं. सापडला एकदाचा.

दवाखान्यात दिव्याला पुन्हा नळी लागली. गवराबाईनं ते यंत्र टेबलावर आपटलं. "घ्या बाई तुमचा चोर. माझ्याच पोटचा निघाला."

डॉक्टरीणबाईंनी बाळूला चांगलंच धारेवर धरलं. विकायलाही बंदी असलेली ही ई-सिगारेट घरात आणतोस, वाफ म्हणे! त्या वाफेत निकोटीन असतं, रसायनं असतात, तुझीही छाती त्यानं कमजोर होते, आणि तू सोडलेलं तेच ही पोर घेते. बोलता बोलता त्यांनी दिव्याचं टोपरं काढलं आणि नाकाशी नेलं.

"पण याला आंब्याचा वास नाही, आजी. याला जळक्या तंबाखूचा वास येतोय."

गवराबाई गर्रकन बाळूकडे वळली. "बिडीबी? आरं, बिडीबी ओढतोस?"

"देवाशपथ नाही, आई!"

"मग हा वास कुठनं आला? कोन हाय अजून? तो ज्योत्या तर गेला..."

"आत्या," तनुजा म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची, आणि तिच्यापुढं आवाज चढवायची नाही. आज मात्र ती थांबली नाही. "आत्या, तो वास तुमच्या मिश्रीचा आहे."

"मिश्री? मी काय ओढते व्हय गं? मी दाताला लावते!"

"लावता. पण आधी तव्यावर भाजता. तंबाखू काळी होईपर्यंत. दिव्याला मांडीवर घेऊन. खिडकी लावून, दार लावून. मी एकदा म्हणाले, पोरीला ठसका लागतोय, तर म्हणालात, माझ्यावर संशय घेतीस?"

खिडकी का लावायची, हे गवराबाईला आठवलं. शेजारच्या चिमाबाईला वास गेला की ती डबी घेऊन मागायला येणार, असा तिचा संशय होता. म्हणून सगळं गच्च बंद करून ती भाजायची. धूर कोंडायचा, पोर खोकायची, आणि ही तिला थोपटत म्हणायची, निज गं बाय, त्या मेल्या ज्योतीरामनं ओढलं असंल.

उजव्या हाताचं पहिलं बोट, मिश्रीनं काळं पडलेलं, तिनं नाकाशी धरलं. जगाचे कपडे हुंगून झाले होते. स्वतःचा हात आज पहिल्यांदा हुंगला.

नर्स आत आली. नवीन केसपेपर करायचा होता. बाळाचं नाव, वय, आधीचा आजार विचारून झाला आणि पुढचा प्रश्न सवयीनं आला, "घरात कोणी ओढतं का?"

बाळू काही बोलणार, तोच गवराबाईनं त्याला हातानं थांबवलं. नळीतून धापा टाकत श्वास घेणाऱ्या दिव्याकडे तिनं पाहिलं. डोळे भरून आले होते, पण आवाज तोच होता, खणखणीत.

"लिवा बाई. आजी लावते, बाप फुकतो." तिनं काळं बोट पोरीकडे केलं. "ओढती ही."